पॉलिश उडालेली जागा

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर दिव्याखाली उभं राहून दुसऱ्यांच्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. ओरखडा दिसला, पोचा दिसला, की पीस बाजूला. घरी सगळे म्हणतात, हिचं लग्न जमत नाही ते याच सवयीपायी. म्हणोत बापडे. हे सांगायचं कारण असं, की माझ्या दादाची गिटार आमच्या लाइनवर आली असती तर मी ती लांबूनच नापास केली असती. इतके दोष एका वस्तूत मी आजवर पाहिले नाहीत. आणि त्यातला एक दोष वाचावा म्हणून मी जिवाचा आटापिटा केला, आणि ज्या माणसासमोर आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता त्याच्यावर खच्चून ओरडले. त्याची ही हकीकत.

दादा ड्रायव्हर होता. गाडी स्वतःची नाही, एजन्सीची. कंपन्यांत येणारे परदेशी पाहुणे न्यायचे-आणायचे हे त्याचं काम. एकदा त्याच्या वाट्याला एक अमेरिकन साहेब आला, नवीन लाइन बसवून द्यायला आलेला. उंच, लालबुंद आणि अबोल. साहेबाने तिकडून येताना गिटार आणली होती आणि ती फ्लॅटवर एकटी ठेवायला तो घाबरायचा. म्हणून ती रोज त्याच्याबरोबर मागच्या सीटवर बसून चाकणला जायची आणि संध्याकाळी परत यायची. तळेगाव चौकात कंटेनर अडकून गाडी जागची हलेना झाली की साहेब पेटी उघडायचा. पुढे दादा स्टीअरिंगवर ठेका धरायचा. बाजूचे टेम्पोवाले काच खाली करून ऐकायचे म्हणे. यातलं खरं किती आणि दादाने लावलेलं तिखटमीठ किती, देव जाणे.

जेवणाच्या सुट्टीत साहेबाने त्याला कुठल्या तारेवर कुठलं बोट ते दाखवलं. माझ्या भावाने दहावीच्या गणितात चालवलं नाही तेवढं डोकं त्यात चालवलं. साहेबाचं काम संपलं, दादा त्याला मुंबईच्या विमानतळावर सोडायला गेला. साहेबाने बॅगा उतरवल्या आणि गिटार आतच ठेवून डिकी लावली. म्हणाला, ही माझ्या वडिलांची आहे, माझी मुलं हिला हात लावत नाहीत, तू लावतोस. एवढं बोलून आत निघून गेला. येताना दादा फूड मॉलला गाडी लावून रडला. हे त्याने फक्त मला सांगितलं होतं.

बाबांनी गिटार पाहिली आणि कपाळाला हात लावला. बाबांची उभी हयात कंपनीच्या पेंट शॉपमध्ये गेलेली. गाडीच्या दारावर केसाएवढी रेघ असली तरी त्यांना ती चालता चालता दिसते.

"आरं, एवढा अमेरिकेचा सायब, आन् ही असली दिली तुला? रंगाची पार वाट लागलीया."

"बाबा, जुनी आहे म्हणून तर भारी आहे."

"जुनं म्हंजे भारी? मग मला कशापायी रिटायर केलं?"

त्यावर आम्ही चौघंही पोट धरून हसलो होतो. थेरगावच्या त्या दोन खोल्यांत हसणं पुरून उरायचं तेव्हा.

माझा तर जीवच त्या गिटारीत अडकला, पण माझ्या पद्धतीने. रविवारी मी टॉर्च आणि दांड्याचा छोटा आरसा घेऊन ती आतून-बाहेरून तपासली. पुढची फळी स्प्रूसची, म्हणजे आपल्याकडच्या देवदाराच्या नात्यातलं लाकूड. त्यात उभ्या बारीक रेघा, एकीला एक लागून, एकही वाकडी नाही. नवी असताना ती पांढरट असणार, साठेक वर्षांत मधाच्या रंगाची झालेली. पाठ आणि कडा महोगनीच्या. कडेची फळी इतकी पातळ, की ती भिजवून, तापवून, वाकवून कमरेची ती वळणं काढताना एकदाही कशी मोडली नाही याचं मला नवल वाटलं. आरसा आत घातला की पुढच्या फळीच्या पोटाला लावलेल्या दोन पट्ट्या दिसायच्या, फुलीसारख्या एकमेकींवरून गेलेल्या. तारांचा सगळा ताण त्या दोघी झेलत होत्या. सांगाड्यात एक खिळा नाही. सगळा कारभार सरसावर, नुसत्या चिकटवणीवर.

आता दोष. पॉलिशला बारीक आडव्या चिरा पडलेल्या, बोटाला लागत नाहीत पण उजेडात दिसतात अशा. एका कडेला लांब भेग, ती कुणीतरी आतून लाकडाचे चौकोनी तुकडे चिकटवून सांधलेली. तारा जिच्यात अडकवतात त्या पट्टीला ब्रिज म्हणतात, तिच्यामागे फळीचं पोट सुटलेलं. खुंट्यांची बटणं पिवळी पडलेली, त्यातलं एक वेगळ्याच गिटारीचं. आतली एक पट्टी कुठेतरी ढिली होती, जाड तार छेडली की मागून झर्र व्हायचं.

आणि वरच्या कडेशी, वाजवणाऱ्याचा उजवा हात टेकतो तिथे, पॉलिश पार उडालेलं. हाताने, घामाने, शर्टाच्या बाहीने. टॉर्च तिरका धरला की तिथे एक नाही, दोन जागा दिसायच्या. एक मोठी, काळपट. ती साहेबाची आणि त्याच्या वडिलांची, लांब हाताच्या माणसांची. माझा दादा बुटका. त्याला तिथे हात टेकवून धड वाजवता यायचं नाही, म्हणून तो हात जरा पुढे ठेवायचा. तर त्या मोठ्या जागेला लागून पुढे दुसरी एक जागा पडत चालली होती, तळहाताएवढी, फिकट, उघड्या लाकडाची. चाकणला पार्किंगमध्ये पत्र्याच्या शेडखाली बसून, पॅसेंजरची वाट बघत, ड्रायव्हर लोकांच्या फर्माइशी घेत घेत त्याने ती घासली होती. "भावा, एक होऊन जाऊ दे," असं कुणी म्हटलं की हा सुरू. धड येणाऱ्या चाली तीन, पण ऐट अशी की विचारू नका.

दादा गेला तो गाडीतच. छातीत कळ आली असणार. मागे पाहुणे बसलेले होते, त्यांना साधा धक्कासुद्धा लागला नाही. इंडिकेटर देऊन, गाडी कडेला घेऊन, हँडब्रेक ओढून मग तो गेला. एजन्सीचा माणूस घरी आला आणि म्हणाला, फार जबाबदार ड्रायव्हर होता हो. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, वाटलं याला जिन्यावरून ढकलून द्यावं. अरे, जबाबदारी गेली खड्ड्यात! हॉर्न वाजवायचा होतास रे दादा. कुणाला तरी हाक मारायची होतीस. आमच्यासाठी नाही तर आईसाठी तरी.

आईची नजर शुगरने गेलेली आहे. उजेड-अंधार कळतो, समोर माणूस आला की सावलीएवढा दिसतो, बाकी नाही. दादाचा फोटो आम्ही मोठा करून हार घालून भिंतीला लावला, पण तिला त्या फोटोचा काय उपयोग? त्याचे कपडे गावाकडून आलेल्या बायकांनी दिवसकार्य व्हायच्या आधीच धुऊन वाळत टाकले, मी आडवी येईपर्यंत. वास गेला. मग आईला हाताने धरता येईल असं दादाचं एवढंच राहिलं, ती जागा.

दुपारी जेवण झालं की ती पलंगावर गिटार मांडीवर घ्यायची. वाजवायला नाही. तळवा फळीवरून फिरवत फिरवत वर यायचा, गुळगुळीत पॉलिश संपायचं, उघडं लाकूड लागायचं, आणि हात तिथे थांबायचा.

"हितं टेकायचा बग त्यो."

"हो आई."

कधीकधी ती तशीच बसल्या बसल्या झोपी जायची. रात्री गोळी घेऊन न झोपणारी बाई दिवसा त्या लाकडावर हात ठेवून घोरायची. डॉक्टरांना जमलं नव्हतं ते त्या तळहाताएवढ्या जागेला जमत होतं. म्हणून सांगते, ती जागा राहणं म्हणजे आई राहणं होतं. मी तरी तसंच धरून चालले होते.

आईने गिटार मांडीवर घेतली की बाबा चपला घालून बाहेर पडायचे आणि डांगे चौकापर्यंत जाऊन यायचे. रोज. मला राग यायचा त्यांचा. वाटायचं, या माणसाला काळीज आहे की नाही? दादा गेल्यापासून मी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलेलं नव्हतं.

दादाला जाऊन वर्ष होत आलं तसा ब्रिज मागच्या बाजूने उचलायला लागला. आधी कागद जाईल एवढी फट, मग नख जाईल एवढी. एक दिवस आई म्हणाली, "तारा तुटल्या तर तुटू दे, पर ती फळी फाटाया नको गं बाई." मी गिटार घेऊन पुण्यात एका दुरुस्ती करणाऱ्याकडे गेले. त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली, आत दिवा टाकला आणि म्हणाला, अशी चीज इकडे फार येत नाही. ब्रिज काढून पुन्हा सरसाने बसवतो, आतली पट्टी चिकटवतो. पण पॉलिशला मी बोट लावणार नाही आणि तुम्ही कुणाला लावू देऊ नका. जुनं पॉलिश कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ असतं, त्याच्याखाली फळी मोकळी थरथरते. वर जाड कोट बसला की आवाज मेला म्हणून समजा. हातात दुसरं काम होतं, म्हणून त्याने तारा ढिल्या करून दिल्या आणि पुढच्या आठवड्यात आणा म्हणाला.

घरी येऊन मी हे सगळं जेवता जेवता सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला, पॉलिशचं तर दोनदा. बाबा मान खाली घालून भाकरी कुस्करत होते. नंतर म्हणाले, "तुझा ओव्हरटाइम हाय. मी देऊन यीन त्येच्याकडं." आणि खरंच एका सकाळी पेटी घेऊन गेले. परत आले ते मोकळ्या हाताने. "दिली. ठेवून घ्येतली त्यानं." बाबा खोटं बोलतात हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं.

मधल्या दिवसांत आईचे हाल बघवत नव्हते. जेवण झालं की हात आपोआप पलंगाच्या त्या बाजूला जायचा आणि चादरीवरून नुसताच फिरायचा. "आज आनतील का गं?" असं रोज विचारायची. मी म्हणायचे, अगं, चांगली होऊन येतेय, जरा दम धर.

खंडेनवमी आली. आमच्याकडे कंपन्यांत हा दिवस मोठा. आधीपासून मशीन धुऊन-पुसून घ्यायची, तेल-ग्रीस खरवडायचं, जिथे जिथे रंग गेलाय तिथे रंग मारायचा. मग हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ, आणि मिठाईचा बॉक्स घेऊन सगळे अर्ध्या दिवसाने घरी. मीही दुपारी बॉक्स घेऊन घरी आले.

पुढच्या खोलीत पाट मांडला होता. पाटावर बाबांची जुनी स्प्रे गन, तिला कुंकू लावलेलं. आणि तिच्या शेजारी भिंतीला टेकून गिटार, झेंडूच्या माळेत. गडद मरून रंगाची. एखादी नवीकोरी गाडी शोरूममधून बाहेर काढावी तशी. तिच्यात मला माझं तोंड दिसत होतं.

माझ्या हातून बॉक्स वगैरे पडला नाही. मी तो नीट टेबलावर ठेवला, गुडघे टेकले आणि सवयीने गिटार उजेडाकडे तिरकी केली. चिरा नाहीत. भेग नाही. लाकडाच्या रेघा नाहीत. पुट्टी, प्रायमर, रंग, वर चकाकीचा क्लिअर कोट, एक थेंब कुठे ओघळलेला नाही. बाबांचा हात अजून तसाच होता. वरच्या कडेशी मी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. बोट घसरत गेलं. एखाद्या वस्तूत दोष नाही म्हणून मला आयुष्यात पहिल्यांदा रडू आलं.

"बाबा, काय केलंत हे?"

ते दारात उभे होते. "काळेवाडीत दोस्ताचं गॅरेज हाय. तितं मारला."

"सांगितलं होतं ना मी? दोनदा सांगितलं होतं! बोट लावायचं नाही म्हणाला होता तो! तुम्हाला काय ती गाडीचं दार वाटली का? दादाची जागा होती हो ती! आईने काय करायचं आता? सांगा ना, काय करायचं तिने?" मी इतक्या मोठ्याने ओरडत होते, की शेजारच्या वहिनी जिन्यात आल्या आणि माझ्याकडे बघून तशाच मागे फिरल्या.

माझा आरडाओरडा ऐकून आई भिंतीला धरून बाहेर आली. "आली व्हय गं? दे हिकडं." माझी देण्याची हिंमत होईना. तिनेच चाचपून माझ्या हातातून ती ओढून घेतली, खाली बसली, मांडीवर घेतली. तळवा फळीवर ठेवला आणि वर न्यायला लागली. कडेपर्यंत गेला. परत खाली आला. दुसऱ्या बाजूने वर गेला. तिला वाटलं गिटार उलटी धरलीय, म्हणून तिने ती फिरवून घेतली आणि पुन्हा सुरुवात केली. असं तिने किती वेळ केलं मला माहीत नाही. मी तोंडात ओढणी कोंबून बसले होते. तिच्या बांगडीचा धक्का तारांना लागला आणि आतून ठक् असा आवाज आला, लाकडी स्टुलावर टिचकी मारल्यासारखा.

"सापडंना," आई म्हणाली.

मग बाबा बोलले. दादा गेल्यापासून ते एका दमात इतकं बोलल्याचं मला आठवत नाही. "न्हाई सापडायची. मी घासली ती. पोरीनं सांगितल्यालं समदं मला कळलं हुतं. आमच्या कंपनीत एखादा मानूस अचानक गेला, तर त्येचं मशीन दुसऱ्याला तसंच देत नसत. दांड्यावर त्येच्या मुठीची जागा पडल्याली आसायची. नव्या मानसाला तितं हात ठेववत न्हाई. खंडेनवमीला ते मशीन घासून रंगवून घ्यायचं आन् मग द्यायचं. लय मशिनी रंगवल्या म्या तशा. रंग मारला, नारळ फोडला, की मशीन मोकळं. गेल्यालाबी मोकळा. तू रोज तितं हात ठिवून बसायचीस आन् मला दिसायचं, तू त्येला सोडीना झालीस. तुला मोकळं करावं म्हनलं. दुसरं काय येतं मला?"

मला काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. राग होताच. पण बाबांच्या हाताकडे लक्ष गेलं. उजव्या हाताच्या बोटांची टोकं सोललेली होती. पेंट शॉपमधला माणूस पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून धरतो, बोटांनी घासत नाही. त्यांनी ती जागा बोटांनी घासली होती.

मग आईने विचारलं, "आन् घासल्याला भुगा? त्यो कुटं टाकला?"

"टाकीन कसा?" बाबांचा आवाज एकदम चिरकला. "समदा पेपरावर गोळा केला. त्यात त्येचा घाम हुता की गं. काल सकाळी घाटावर गेलो. पवना नदीत सोडला." आणि बाबा दारातच खाली बसले आणि तोंडावर टॉवेल दाबून रडायला लागले, लहान पोरासारखे, हुंदके देत. मी जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

आईने गिटार मांडीवरून उतरवली आणि बाजूला ठेवली. बाबांचा आवाज जिकडून येत होता, तिकडे तिने तोंड केलं. ती रडत नव्हती. रागावलेलीही नव्हती.

"त्यो गेला तवाबी तुमी सगळे गडी त्येला घिऊन गेला," ती म्हणाली. "बायका येत न्हाईत म्हनला, मी घरात बसले. राख सोडायला गेला, तवाबी बसले. आता कोन अडवणार हुतं? आता तरी मला न्यायचं हुतं की वो."